डावा पाय

आमच्या जुन्या गाडीच्या क्लचची रबरी नळी मी स्वतः बदलली आणि माझी झोप उडाली. जुनी नळी फुगली होती, पेडल लोण्यात रुतल्यासारखं आत जायचं. टोकियोत, निशी-कसाईतल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मी गाडीखाली आडवा आणि बायको पेडलवर. मी "दाब" म्हटलं की तिने दाबायचं, "सोड" म्हटलं की सोडायचं. अशी नळीतली हवा काढली. पेडल छान कडक झालं आणि मी स्वतःवरच खूश झालो.

रस्त्यावर गाडी काढली तर खालून चिर्र्र असा बारीक आवाज. परत आणून, इंजिन चालू ठेवून पेडल पूर्ण दाबून पाहिलं, पूर्ण सोडून पाहिलं, गाडी गप्प. खाली पुठ्ठा पसरला. सकाळी त्यावर ऑइलचा थेंबही नव्हता. पुन्हा दोनदा हवा काढली. रस्त्यावर आलो की पुन्हा चिर्र्र. ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधून देणारा मी, स्वतःची चूक मला सापडत नव्हती.

आणि बाबा पुण्याहून आले होते. बायपास झालेले. त्यांना फुजी जवळून बघायचा होता, स्टेशनांमधली पायपीट त्यांना झेपत नव्हती, आणि गाडीने नेतो असं मी कधीच कबूल करून बसलो होतो. गॅरेजवाल्याने वेळ दिली ती बाबांच्या परतीनंतरची. तरी बाबांना माझ्याच्याने "नको" म्हणवलं नाही.

फुजीच्या वाटेवर घाटात गाड्यांची रांग लागली. पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालेल त्या वेगाने आम्ही चढत होतो. मागे टुरिस्ट बस. क्लच गेला तर गाडी मागे घसरेल, बाबांच्या छातीत दुखायला लागेल, आणि अँब्युलन्सवाल्यांना मी जपानीत काय सांगणार? खाली अखंड चिर्र्र.

"कसला रे आवाज?" बाबांनी विचारलं.

"काही नाही बाबा. जुनी गाडी आहे."

ते थोडा वेळ माझ्या पायांकडे बघत राहिले. "डावा पाय उचल."

"क्लचवरचा? इथे, चढावर?"

"गिअर टाकलायस ना? मग त्याचं काय काम आहे तिथे? उचल."

उचलला. आवाज बंद.

"आता ठेव."

चिर्र्र.

फुगलेली नळी माझ्या पायाचा हलका भार गिळून टाकायची. नवी तो जसाच्या तसा खाली पोचवत होती आणि आतलं झिजलेलं बेअरिंग ओरडत होतं. पार्किंगमध्ये नुसता पाय टेकवून बघायचं मला सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं तो पाय तिथेच असायचा, मला तो जाणवतही नसे.

"तुम्हीच शिकवलंत, बाबा," मी जरा चिडूनच म्हणालो. "लक्ष्मी रोडच्या गर्दीत. क्लचवरचा पाय काढायचा नाही म्हणून."

"शिकवलं खरं," ते म्हणाले. "तू चालवायला बसलास की मला भीती वाटायची."

रांग थांबली. मी हँडब्रेक ओढला आणि त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा शांत होता. त्यांच्या बाजूला पेडल नव्हतं, तरी त्यांचा डावा पाय चटईवर घट्ट दाबलेला होता.