उंबराची किंमत शून्य

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. एप्रिलमध्ये बदलापूरला शिरगावच्या पुढे ओळखीच्या जानूकाकांच्या लेकीच्या लग्नाला गेलो, आणि मांडवाच्या दारात बघतो तर काय... पाण्याचा टँकर!

टँकर? आणि जानूकाकांकडे? अहो, त्यांच्या रानात बारमाही झरा होता. आख्खी वाडी मे महिन्यातसुद्धा तिथूनच पाणी भरायची.

शेजारच्या काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "झरा होलीलाच आटला." ते रान दिवाळीत तोडलं होतं, आणि तोडण्याआधी मोजलं होतं मीच...

तेव्हा मी उल्हासनगरला लाकडाच्या वखारीत मोजणीचं काम करायचो. आदल्या दिवाळीत काकांनी लेकीच्या लग्नासाठी झाडं विकायला काढली. व्यापाऱ्याने फसवू नये म्हणून घरच्यासारखा माणूस हवा, म्हणून मला बोलावलं.

मी टेप घेऊन एकेका खोडाचा घेर घेतला. साग, ऐन, जांभूळ... सगळ्यांना भाव लावले. झऱ्याच्या डोक्यावर चार जुने उंबर होते, काका म्हणाले, "ह्यांचा काय धरलास?"

मी ऐटीत शून्य लिहिलं. उंबराचं लाकूड टिकत नाही, वखारीत त्याला कुत्रं विचारत नाही. "ठेवून तरी काय करणार?" असंही वर म्हणालो. व्यापाऱ्याने ते सरपण म्हणून फुकटात नेले, आणि झऱ्याचं पाणी धरून ठेवणारी मुळंही गेली.

आता मांडवाच्या दारात न राहवून टँकरवाल्याला एका खेपेचा दर विचारला. तिथेच उभ्या उभ्या हिशोब केला. पाऊस पडेपर्यंत वाडीला पाणी पुरवायचं, तर आख्ख्या रानाचे पैसे दोन उन्हाळ्यांत संपणार होते! आणि उन्हाळा तर दरवर्षी येणार...

काका समोर आले. वाटलं, चार शिव्या घालतील. तर माझा हात धरून म्हणाले, "तुजा माप बरोबर व्हता रं. पान्याचा माप आमी तरी कवा केला व्हता?"

शिव्या परवडल्या असत्या. पंगतीला बसलो. कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो मी तसाच पुढच्याला दिला...

वखारीतली नोकरी पुढे बरीच वर्षं केली. पण उंबरापुढे शून्य लिहायला हात परत धजावला नाही. वाडीला मात्र त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.