मंदाचा पुरावा

मंदाला कुणी ‘मिसेस’ म्हटलं की ती तिथल्या तिथे सुधारायची. "मिसेस नाय. नुसती मंदा." दूधवाला असो की सोसायटीचे सेक्रेटरी, सूर तोच.

जुईनगरला आमच्या शेजारच्या भाड्याच्या घरात ती दत्तारामबरोबर चार वर्षं राहिली. ती नर्स, तो वेल्डर. त्याची बायको कधीच माहेरी निघून गेली होती, पण घटस्फोटाच्या खटल्यात नुसत्या तारखा पडत होत्या. त्यात मंदाशी लग्न लावलं असतं तर तो गुन्हा झाला असता. म्हणून दोघं तशीच राहिली आणि मंदाने ते कधी लपवलं नाही.

बिल्डिंगला राग त्याचाच होता. संक्रांतीला सेक्रेटरीवहिनी हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन माझ्याकडे यायच्या आणि मंदाचं दार टाळून पुढच्या घरी जायच्या. मंदा दारातच मेथी निवडत बसलेली असायची. "वैनी, माझं दार दिसत नाय वाटतं यांना. चष्म्याचा नंबर वाढलाय," असं त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मला म्हणायची. मला हसू यायचं आणि धडकीही भरायची.

मग दत्तारामला न्यूझीलंडमध्ये काम मिळालं. तिथलं सरकार बिनलग्नाच्या जोडीदारालाही येऊ देतं म्हणे, पण दोघं एका घरात नवराबायकोसारखी राहिली याचा पुरावा लागतो. तो पुढे गेला. भाडेपावती, रेशनकार्ड, सगळं त्याच्या एकट्याच्या नावावर. शेजाऱ्यांनी लिहून द्यायला हवं होतं.

मी दिलं. चौथीपर्यंतच शिकलेय, पण डोळ्यांनी पाहिलेलं लिहायला तेवढं पुरलं. बाकी एकानेही दिलं नाही. चार वर्षं जिन्यात, गच्चीवर, नळावर ज्यांना दुसरा विषय नव्हता, ती माणसं मंदाच्या तोंडावर म्हणाली, "आम्हाला काय माहीत? आम्ही कुणाच्या घरात डोकावत नाही."

मंदा सेक्रेटरींच्या दारात उभी राहिली. मी मागे होते. ती सेक्रेटरीवहिनींना म्हणाली, "वैनी, जास्त नको. मला हळदीकुंकवाला का बोलवत नाय, तेवढंच कागदावर लिहा. माझं काम होतंय."

वहिनींचा चेहरा उतरला. आतून सेक्रेटरी ओरडले, "निर्लज्ज बाई! तुला आता नोटीसच काढतो!"

आणि काढली. सोसायटीच्या छापील कागदावर, शिक्क्यासकट. आपण अविवाहित असून चार वर्षे दत्ताराम यांच्यासोबत पतिपत्नीप्रमाणे राहिलात, त्यामुळे सोसायटीचे वातावरण बिघडले आहे, तरी जागा खाली करावी.

मंदाने ती मला दोनदा वाचायला लावली. मला रडू फुटलं. ती मात्र खदखदा हसली. "रडतेस काय, वैनी? एवढं चांगलं तर आमच्या वकिलालाही लिहिता आलं नसतं!" तिने तीच नोटीस अर्जाला जोडली.

पण घर गेलंच. घरमालकाने पंधरा दिवसांत बाहेर काढलं. व्हिसा येईपर्यंत कामोठ्याला एका नर्सच्या घरी स्वयंपाकघरात झोपली. हसत होती म्हणून तिला लागलं नव्हतं असं नाही. टेम्पोत सामान चढवताना मला एवढंच म्हणाली, "माझी तुळस कुणाला देऊ नकोस. तूच ठेव."

ती गेली न्यूझीलंडला. परवा नळावर सेक्रेटरीवहिनी नव्या भाडेकरणींना सांगत होत्या, "आमच्या सोसायटीची मंदा फॉरेनला आहे. आमच्याच कागदावर व्हिसा मिळाला तिला."

मी चारचौघींत कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "तो घर सोडायचा कागद होता, वहिनी. तुम्ही हाकललंत तिला."

त्यांनी घाईघाईने पाण्याच्या प्रेशरचा विषय काढला. मी बदलू दिला नाही.