मी न शोधलेला तारा

तो तारा मी शोधलेला नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण आरमोरीच्या पुढच्या गावांतले लोक अजूनही मला बाजारात अडवून विचारतात, "का वं बाई, तुहा तारा कसा हाये?" मी म्हणते, "बरा हाये." आता रोज रोज कुणाकुणाला समजावत बसायचं?

तेव्हा मी गडचिरोलीला एम.एस्सी. करत होते, भौतिकशास्त्रात. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. दुसऱ्या वर्षाला एक सेमिनार द्यावा लागतो. विषय आपणच निवडायचा, वाचायचं आणि सगळ्या विभागासमोर उभं राहून सांगायचं. मी एक तांबडा बटू तारा निवडला. आपल्या सूर्यापासून तो जवळ आहे. जवळ म्हणजे त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला एकोणीसेक वर्षं लागतात. आकाशाच्या हिशेबात हा शेजारच झाला. पण तो इतका मिणमिणता की नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. त्याला नाव नाही, यादीतला नंबर आहे. त्याच्याभोवती फिरणारा एक तपकिरी बटू बऱ्याच वर्षांपासून माहीत होता. मी वाचायला घेतलं त्याच सुमारास बातमी आली होती, की तो एक नाही, दोन आहेत. सेमिनार चांगला झाला. एरवी मान खाली घालून हजेरी घेणाऱ्या सरांनी मला तीन प्रश्न विचारले आणि तिन्हीची उत्तरं मी दिली. एवढंच झालं होतं.

हे मी फोनवर बाबांना सांगितलं. बाबांनी तलावाच्या पाळेवर, म्हणजे बांधावर बसणाऱ्यांना सांगितलं. तिथून ते मंडई उत्सव मंडळाकडे गेलं.

दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. लेकी माहेरी येतात, जिलेबीची दुकानं लागतात, दंडार नाचते, रात्रभर नाटक चालतं. त्याआधी दुपारी शाळेच्या पटांगणात सत्कार होतात आणि त्याची पत्रिका छापतात. या पत्रिकेची आमच्याकडे एक रीत आहे. तिच्यात कोणीच आहे तेवढा छापला जात नाही. दवाखान्यातला कंपाउंडर तिच्यात डॉक्टर होतो. होमगार्डचा पोलीस अधिकारी होतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पडलेला माणूस 'लोकप्रिय नेते' होतो. कोणी हसत नाही, कारण पुढच्या वर्षी आपलीही पाळी असते. तर त्या रीतीप्रमाणे मी झाले, 'अवकाशात नवीन तारा शोधून काढणाऱ्या गावच्या सुकन्या, थोर शास्त्रज्ञ'.

मला हे कळलं आरमोरीच्या बसस्टँडवर, मंडईच्या दिवशी सकाळी. ऑटोवर भोंगा बांधलेला, आणि भोंग्यातून माझं नाव. शेजारच्या बाकावरची म्हातारी म्हणाली, "कोन्या गावची हाये वं ते पोरगी? बाप भाग्याचा हाये." मी बॅग उचलून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

गावात उतरले ती आधी घरी गेले नाही. सरळ मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले. त्यांची भातगिरणी आहे, गावात सगळे त्यांना भाऊच म्हणतात. ते मंचावर सतरंजी अंथरून घेत होते.

"भाऊ, पत्रिकेत चुकलं. तारा मी नाई शोधला."

"मले काऊन सांगून राह्यली? मी का भांडतो तुह्याशी?"

"मंग दुरुस्त करा. भोंग्यावरून सांगा."

"अवो, भोंगा पार वैरागडापर्यंत फिरून आला. आता का त्याले म्हनू, वापस जा आन तारा परत घेऊन ये?" सतरंजी अंथरणारे खदखदून हसले. मग ते जरा जवळ आले. "हे पाय, माया साळ्याले मी पत्रिकेत इंजिनिअर छापलो. तो वायरमन हाये. कोनी मेलं का? तू दोन शब्द बोल, शाल घे, उतर खाली. वाटलं त त्या ताऱ्याले गावाचं नाव देऊन टाक."

"मी खोटं नाई बोलणार."

"त नको बोलू." आता त्यांचा आवाज बदलला. "पन मंग तारा नाई त सत्कार नाई. आन सत्कार नाई त तुह्या बापाची खुर्ची नाई. समजली?"

समजली. ती खुर्ची काय होती, ते सांगायला हवं.

आम्ही तलावावरचे लोक. पिढ्यान् पिढ्या मासे धरतो, थोडी धानाची बांधी आहे, बाकी रोजी. मंडईच्या दिवशी घरोघरच्या पाहुण्यांच्या ताटात आमचीच मासोळी असते. पण मंचावर आमचं कधीच कोणी बसलेलं नाही. तसा नियम कुठे लिहिलेला नाही, लिहिलेला असता तर मी तो फाडला असता. मंचावर खुर्च्या मांडल्या जातात; गिरणीवाले, कंत्राटदार, तालुक्याचे पाहुणे बसतात, आणि खुर्च्या संपतात. आमच्यासाठी काही उरतच नाही. बाबा दरवर्षी समोर जमिनीवर, पोत्यावर बसत. सत्कारमूर्तीच्या बापाला मात्र मंचावर खुर्ची द्यायची, ही मंडळाची जुनी चाल. म्हणून त्या वर्षी पहिल्यांदा बाबांची खुर्ची लागणार होती.

घरी आले तर बाबा दाढी करून, पांढरा सदरा घालून तयार. सदऱ्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. माय म्हणाली, "सकाळपासून बसले नाईत. सदरा चुरगळन म्हने."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. "बाबा, तारा मी नाई शोधला."

बाबा आरशातून माझ्याकडे बघत राहिले. "मंग कोनं शोधला?"

"दुसऱ्या देशातल्या लोकायनं. मोठाल्या दुर्बिणी हायेत त्यायच्याजवळ."

"मंग तू का केली?"

"मी वाचलं. समजून घेतलं. आन सगळ्या सरांसमोर उभं राहून सांगितलं."

"इंग्रजीत?"

"इंग्रजीत."

बाबांनी कंगवा खिशात ठेवला. अध्यक्ष जे बोलले तेही मी सांगितलं, खुर्चीसकट. ते ऐकून त्यांनी कॉलर सरळ केली आणि म्हणाले, "चाल मंग. उशीर होऊन राह्यला." ते रागावले होते की नाही, मला कळलं नाही.

अध्यक्षांना वाटलं असावं की पोरगी नमली. त्यांनी स्वतः बाबांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. बाबा खुर्चीच्या पुढच्या काठावर बसले, मासे धरायच्या डोंग्यात बसतात तसे, तोल सांभाळत. माय खाली बायकांत, मासोळीची टोपली पायाशी. समोर अख्खं गाव आणि पाहुणे. माझं नाव पुकारलं तसं पाठीमागून कोणी ओरडलं, "दिवसा तारे दाखवते का वं?" हशा झाला. मी माईक हातात घेतला.

"आज दिसणार नाही," मी म्हणाले, "आणि रात्रीही दिसणार नाही. मृग नक्षत्र तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्या पायाखाली तो आहे, पण तुमच्या-माझ्या डोळ्याला दिसत नाही. छोटा आहे, तांबडा आहे, मंद जळतो. मंद जळतो म्हणूनच टिकतो. आपला सूर्य विझून जाईल, हा तरीही जळत असेल."

मी पुढे सांगत गेले.

"त्याच्याभोवती तपकिरी बटू फिरतात. आधी एकच आहे म्हणत होते, आता दोन निघाले. ते ग्रहापेक्षा मोठे आणि ताऱ्यापेक्षा लहान. ताऱ्यासारखं पेटून राहायला जेवढं वजन लागतं तेवढं त्यांच्यात नाही. नुसती धग आहे. पुस्तकात त्यांना काय म्हणतात माहीत आहे? नापास तारे."

खाली दहावीत राहिलेली पोरं बसली होती, त्यांनी शिट्ट्या मारल्या. "आमचे भाऊबंद!" एक जण ओरडला.

"मी सेमिनारमध्ये हेच विचारलं," मी म्हणाले. "नापास कसे? त्यांची परीक्षा घेतली कोणी? ते तारा व्हायला निघाले होते असं त्यांनी कोणाला सांगितलं होतं? ते जे आहेत ते आहेत. आपण आपली पट्टी घेऊन गेलो आणि त्यांना कमी ठरवून आलो."

टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी शाल उलगडायला घेतली. तिथेच थांबले असते तर सगळं गोड झालं असतं. खुर्ची राहिली असती, शाल मिळाली असती, फोटो निघाला असता. पण पाहुण्यांतल्या एका साहेबांनी हसत विचारलं, "छान. यातलं तुम्ही नेमकं काय शोधलं?" त्या हसण्यात सगळं होतं. त्यांना उत्तर आधीच माहीत होतं, त्यांना फक्त मी लाजलेली बघायची होती.

मी लाजले नाही.

"काही नाही," मी म्हणाले. "पत्रिकेत खोटं छापलं आहे. मी फक्त वाचलं. पण साहेब, आमच्या घरात एसटीची पाटी वाचायला कोणी नव्हतं. बाबा आजही रंग आणि माणसं बघून गाडी ओळखतात. त्या घरातून मी निघाले आणि एकोणीस प्रकाशवर्षांवरचं वाचून आले. ज्यांनी शोधला त्यांच्याजवळ डोंगराएवढ्या दुर्बिणी होत्या. माझ्याजवळ आठवड्यातून दोनदा बंद पडणारी होस्टेलची लाइट होती. शोधला नाही म्हणून मी शाल घेणार नाही. पण वाचलं, ते मी कोणासमोर कमी करून सांगणार नाही."

पटांगणात कोणी टाळी वाजवली नाही. अध्यक्षांनी शाल घडी करून पिशवीत घातली. मग ते बाबांच्या कानाशी वाकले, पण आवाज सगळ्यांना ऐकू आला. "जरा खाली बसता का गा? पाहुन्याले खुर्ची कमी पडून राह्यली."

बाबांनी खालच्या पोत्यांकडे पाहिलं, मायकडे पाहिलं. मग आतापर्यंत काठावर बसलेले बाबा मागे सरकले आणि पाठ टेकून बसले. घडी मोडली सदऱ्याची.

"पाहुन्यासाठी दुसरी आना," ते म्हणाले.

"अवो, पन सत्कारच नाई झाला ना गा."

"शाल नाई भेटली. पोरगी त हाये ना इथंच? बोलून राह्यली ना?" आणि मग माझ्याकडे वळून, वर्गातल्यासारखं, मोठ्यानं विचारलं, "हं. एक होता म्हनत होते, मंग दोन कसे निंगाले?"

कोणीतरी खूण केली असावी. माईक बंद झाला. अध्यक्षांनी हात पसरले, म्हणजे लाइटवाल्याचा दोष. पण आम्ही तलावावरचे लोक. पाण्याच्या या पाळेवरून त्या पाळेवर हाक मारून जाळं ओढायला सांगतो, वारा उलटा असला तरी. मी माईक सतरंजीवर ठेवला आणि त्या आवाजात सांगायला लागले.

"वजन आणि उजेड जुळत नव्हता, बाबा! त्या तपकिरी बटूनं लाल ताऱ्याले जेवढं ओढलं, त्यावरून त्याचं वजन काढलं. वजन भरपूर निघालं. मंग उजेड एवढा कमी कसा? वर्षानुवर्षं लोक म्हनत राह्यले, यात काहीतरी खोट हाये!"

"आन खोट नव्हती?"

"नव्हती! दोघं होते. एकमेकाभोवती इतके जवळून फिरत होते का दुरून एकच वाटत होते. दोघायचं वजन एकाच्या नावावर चढवलं, आन उजेड कमी म्हनून त्यालेच बोल लावला!"

खालून माय उठली. मला वाटलं ती मला गप्प करायला निघाली. तिनं टोपलीवर ओलं फडकं नीट झाकलं, पुढे बसलेल्या गिरणीवाल्याच्या बायकोला म्हणाली, "सरका थोडं बाई, आयकू येत नाई," आणि पहिल्या रांगेत, चटईवर, मांडी घालून बसली.

"हं, सांग," माय म्हणाली.

मी सगळं सांगितलं. जेवढं विभागासमोर सांगितलं होतं तेवढं, आकृतीसकट, हवेत बोट फिरवून. काही लोक उठून जिलेबीकडे गेले, बरेच बसून राहिले. साहेब मोबाइल बघत होते. पाहुण्यासाठी गिरणीतून लोखंडी खुर्ची आणली गेली. बाबा शेवटपर्यंत आपल्या खुर्चीवर पाठ टेकून बसले होते आणि मधूनमधून, गरज नसताना, प्रश्न विचारत होते.