ते गाणं इराने ऐकलंच नव्हतं

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर वाचून हसतोय. भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की चहा टाकायला म्हणून उठून जाणारा माणूस मी. इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर आहे — मीटर दाखवेल ते खरं, बाकी सगळ्या बाता. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय... पण माझी बायको मंजिरी म्हणाली, "लिहा. हसले तर हसू देत."

आम्ही मूळचे नाशिकचे. सौदीत धाहरानजवळ भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. एकुलती एक मुलगी, इरा. दहावीला पोचेपर्यंत ही पोरगी जवळजवळ जपानी झाली होती. सात मुलींचा एक जपानी ग्रुप, झालरीचे फ्रॉक, प्रत्येकीचा ठरलेला रंग, आणि गाणी अशी की एक शब्द कळत नसला तरी आपला पाय हलायला लागतो. मी मुद्दाम चिडवायचो, "लाव गं तुझं ते चायनीज." की लगेच उत्तर, "बाबा! इट्स जॅपनीज! हाऊ मेनी टाइम्स!"

फ्लॅटच्या भिंती पातळ, मोठ्याने गायची सोय नाही. म्हणून शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, गाडी काढली की काचा बंद करून मैफल. त्या ग्रुपमध्ये गाण्याचे तुकडे जसे एकेकीच्या वाट्याला येतात, तसे इराने आम्हाला वाटून दिले होते. मला फक्त "हे! हे!" — कारण माझा भरवसा नव्हता. मंजिरीला ला-ला-ला. आणि मध्ये कुठेतरी एका दमात म्हणायची एक भरधाव ओळ असते, जवळजवळ प्रत्येक गाण्यात, ती इराची. मंजिरीने एकदा ती म्हणायचा प्रयत्न केला तर तिसऱ्याच शब्दाला तिची जीभ अडकली, आणि इरा हसून हसून सीटवरून घसरली.

मग तिचं आजारपण आलं. रक्ताचं. तपशील लिहीत नाही, लिहवत नाहीत. शेवटी शेवटी ती ओळ तिला एका दमात जमेना. मध्येच थांबायची, एक छोटा श्वास घ्यायची — अगदी ऐकू येईल असा — आणि राहिलेले शब्द घाईघाईने म्हणून गाण्याला गाठायची. हरली नाही हो पोरगी.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. तिला नाशिकला नेलं, गोदावरीवर सगळं केलं, आणि नोकरीचा करार बाकी होता म्हणून दोघं परत आलो.

करार संपला तेव्हा फायनल एक्झिट लागला. म्हणजे ठरलेल्या मुदतीत देश सोडायचा, त्यात मागे-पुढे नाही. मी सामान बांधायला घेतलं आणि मंजिरी म्हणाली, "तुम्ही जा. मी येणार नाही."

"अगं, एक्झिट लागलाय. इथे राहता येत नाही आता."

"मग नेऊ देत मला पकडून. ती या घरातून शाळेत गेली, या घरातून हॉस्पिटलात गेली. नाशिकचा नवा फ्लॅट तिने पाहिलासुद्धा नाही. ती आली तर कुठे शोधेल आपल्याला?"

हे ती अगदी शांतपणे बोलली. इरा गेल्यापासून ती रडली नव्हती, धड जेवतही नव्हती. इराची खोली कुलूपबंद आणि किल्ली हिच्या मुठीत. मला मनापासून भीती वाटायला लागली की मुलगी तर गेलीच, आता हीसुद्धा हातातून जाणार.

सामान भारतात पाठवायचं काम सलीमभाईंकडे होतं. हे मूळचे खेडचे, रियाधला अल सुलैमध्ये त्यांचं कार्गोचं गोदाम. जुना घरोबा, इराला त्यांनी आणि त्यांच्या बायकोने, नसरीनवहिनींनी, एवढीशी पाहिलेली. म्हणून माणूस न पाठवता स्वतः डबल केबिनचा पिकअप घेऊन आले. सगळे खोके चढले, एक खोली तेवढी राहिली. त्यांनी दाराच्या कुलपाकडे पाहिलं, मंजिरीच्या मुठीकडे पाहिलं.

"वैनी," ते म्हणाले, "त्या खोलीला कोण हात लावत नाय, माझा शब्द हाय. पन आज आमच्याकडं जेवायला चला. नसरीननं तुमच्यासाठी वेगळं केलंय. उद्या मीच आनून सोडतो. यल्ला, उठा."

सलीमभाईंना नाही म्हणणं तिला जमलं नाही.

ते गाडी चालवत होते, मी शेजारी, मंजिरी मागे. रियाधचा रस्ता, भर दुपार, दोन्हीकडे वाळू. सलीमभाईंचा फोन गाडीला जोडलेला. त्यांच्या मुलीला, झोयालाही या गाण्यांचं वेड, तेही इरानेच लावलेलं, आणि बापाच्या फोनवर सगळी गाणी तिचीच. एकदम त्या सात जणींचं एक जुनं गाणं सुरू झालं. सलीमभाई गडबडले, बंद करायला गेले.

"असू द्या," मंजिरी मागून म्हणाली.

माझी "हे! हे!"ची जागा आली आणि गेली. ते गाणं संपलं. पुढचं लागलं, ते मी कधी ऐकलेलं नव्हतं. मध्यावर संगीत थांबल्यासारखं झालं, ती भरधाव ओळ सुरू झाली... आणि मागच्या सीटवरून तीच ओळ मला इराच्या आवाजात ऐकू आली.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मान वळवायची हिंमत होईना. शेवटी वळलो. मंजिरीच गात होती. नजर बाहेर वाळूवर, ओठ भराभर हलताहेत, आणि आवाज तिचा नाही. एकही शब्द अडखळला नाही. ओळीच्या मध्ये तो छोटा श्वास आला — आणि राहिलेले शब्द घाईघाईने.

सलीमभाईंनी गाडी कडेला घेतली, गाणं बंद केलं.

"वैनी... हे तुम्ही कवा शिकलात? हे गानं परवा आलंय. झोया दोन दिस माझं डोकं खातेय त्याच्यापायी."

"मी कुठे गायले?" मंजिरी म्हणाली. "मी ऐकत होते. इरा म्हणत होती ना... तुम्हाला नाही ऐकू आलं?"

मग तिने माझ्याकडे पाहिलं. "अहो, हे गाणं तिच्या वेळी नव्हतं?"

"नव्हतं."

"म्हणजे तिकडे तिला नवीन गाणीसुद्धा मिळतात."

आणि मग ती जी रडली... सलीमभाई खाली उतरून आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. हुंदके थोडे ओसरल्यावर ती म्हणाली, "मी उगाच तिला त्या खोलीत कोंडून बसले होते हो. तिचं आपलं मजेत चाललंय."

नसरीनवहिनींकडे ती पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी परत आल्यावर खोली तिनेच उघडली, एकेक फ्रॉक घडी करून तिनेच भरला. आम्ही बरोबरच निघालो.

मी शोधायचं तेवढं शोधलं. गाणं खरंच त्याच आठवड्यात आलं होतं. आमच्या घरचं इंटरनेट त्याआधीच तोडलेलं, आणि मंजिरीच्या फोनमध्ये त्या गाण्याचा मागमूस नाही. झोयाशी तिचं बोलणं झालेलं नव्हतं. मूळ गाण्यात ती मुलगी मध्ये श्वास घेत नाही — मी कान देऊन पुन्हा पुन्हा ऐकलं. नाशिकला आल्यावर मंजिरीला तीच ओळ म्हणायला लावली, तर पहिल्याच शब्दाला जीभ अडकली. भास म्हणावा तर सलीमभाईंनीही ऐकलंय. आणि मनातलं सांगायचं तर मला मंजिरीचा हेवा वाटतो. मी गाडीत एकटा असलो की काचा बंद करून ते गाणं लावतो. मागच्या सीटवरून काही ऐकू येत नाही.

आता त्या ग्रुपचं आणखी एक गाणं येणार आहे. मंजिरीने तारीख विचारली, मी बघून सांगितली. म्हणाली, "त्या दिवशी सुट्टी टाका. गाडीत बसून तिघं ऐकू." नव्या ऑफिसात अर्ज करताना कारण काय लिहावं कळेना. शेवटी लिहिलं — मुलीचा कार्यक्रम आहे.