तो मासा तिचा होता

निवृत्त झालो आणि मला घरात बसवेना. आयुष्यभर फॅक्टरीत लेथ मशीनवर उभा राहिलेला माणूस मी. सकाळ झाली की पाय आपोआप दाराकडे वळायचे. शेवटी बायको म्हणाली, "कुठं तरी जा बाबा, पण ह्या येरझारा बंद करा. माझं डोकं फिरून राहिलं."

म्हणून कॉलेजच्या मुलामुलींना मासेमारी शिकवणाऱ्या एका गटात मी दर रविवारी फुकट शिकवायला जाऊ लागलो. ही मासेमारी मला तरुणपणी फॅक्टरीतल्या एका साहेबांनी शिकवली होती. गळाला गांडूळ लावायचं नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी लावायची. लांब, लवचीक रॉडनं ती अशी फेकायची, की पाण्यावर खरा किडाच उतरला असं माशाला वाटावं. मासा लागला तर बघायचा आणि परत सोडायचा.

सहा जण होते. त्यांत आमच्या हिंदी शहरातल्या कांचघर वस्तीतली एक एकोणीस वर्षांची मुलगी. वडील रेल्वेत, घरी आमच्यासारखीच मराठी. पहिला महिना आम्ही मैदानावर गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधून सराव केला. तिचा हात सगळ्यांत आधी बसला. तरी मी तिच्या मागे उभा राहून ओरडायचोच, "मनगट सैल! थांब! आता फेक!" बाकीचे हसायचे. ती आपली फेकत राहायची.

हिवाळ्यात आम्ही गौर नदीवर गेलो. तिसऱ्याच फेकीला तिच्या माशीवर मासा आला. महाशीर असावा, रॉडच्या रीलवर गुंडाळलेली लाइन सरसर निघाली. ती शांतपणे लाइन सोडत होती, अगदी मी शिकवलं होतं तशी. पण मला ते बघवेना. मी पाण्यात कधी उतरलो ते कळलंही नाही. तिच्या हातातून रॉड हिसकावला आणि लाइन थांबवायला रीलवर तळहात दाबला. लाइन तटकन तुटली.

 ती आपल्या रिकाम्या हातांकडे बघत होती.

"काका, तो मासा माझा होता."

"अगं, तो सुटलाच असता."

"तो फिर मेरे हाथ से छूटता ना."

तिनं गटाचे गमबूट काढून दगडावर ठेवले आणि गाडीत जाऊन बसली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही. बायकोला मी आधी एवढंच सांगितलं होतं की लाइन तुटली. पंधरा दिवस जेवण गोड लागेना, पेपर वाचवेना. मग एकदा भाजी निवडता निवडता खरं सांगून टाकलं. तिनं मान वर केली. "मग इथं काहून बसले? जा न तिच्याकडं."

कांचघरला तिच्या घरावरून मी दोनदा स्कूटर तशीच पुढं नेली. तिसऱ्यांदा थांबलो. दार वडिलांनी उघडलं. "या जी, या. पोरगी म्हणते अभ्यास आहे." म्हणजे तिनं घरी काहीच सांगितलं नव्हतं. चहा घेऊन, अभ्यासाचं विचारून मला निघता आलं असतं. ती बाहेर आली तेव्हा वडिलांसमोरच मी म्हणालो, "चूक माझी झाली. तुझ्या हातातून रॉड ओढायचा मला काही हक्क नव्हता."

वडील तिच्याकडे बघू लागले. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"अच्छा. येईन मी. पण तुम्ही माझ्या मागं नका उभे राहू."

त्यानंतर नदीवर मी दूर एका खडकावर बसायचो, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. तीन रविवार काहीच लागलं नाही. चौथ्या रविवारी तिचा रॉड वाकला. मी उठलो, बसलो, परत उठलो. सगळ्या सूचना ओठांपर्यंत आल्या, त्यांतल्या निम्म्या चुकीच्या होत्या. ती माशाबरोबर काठाकाठानं खाली चालत गेली, लाइन देत, थोडी परत घेत. मासा वीतभरच होता. ओल्या हातांनी तिनं तो पाण्यातच धरला, गळ काढला आणि सोडून दिला. माझ्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही, आणि मला ते बरंच वाटलं.

आता मैदानावर नवीन मुलांना तीच शिकवते. मला तिनं दुसरं काम दिलंय. "काका, माश्या बांधायचं तुम्ही शिकवा. बसून करायचं काम आहे." पहिल्याच दिवशी मी चार वेळा दोरा तोडला.