पाणीवाल्या मावशींचं टेंपर

टेंपर हा शब्द त्या घरात तीन तऱ्हेने चाले. मावशींच्या यजमानांच्या, म्हणजे काकांच्या बाबतीत तो रागाला लावायचा. त्यांचं टेंपर चढायला चहात साखर कमी पडलेली पुरे. त्यांची इंग्रजी शिकवणारी मुलगी सांगे की मुळात त्याचा अर्थ प्रमाणात मिसळणं, आवर घालणं. हे ती वडिलांपासून दोन खोल्या दूर उभी राहून सांगे. मावशींचा अर्थ त्यांच्या लोहारकामाच्या भट्टीपुरता होता. तापलेली छिन्नी पाण्यात बुडवली की पोलाद कडक होतं, पण काचेसारखं. ते पुन्हा जरा तापवायचं आणि धारेवर वाळक्या गवताचा रंग आला की थांबायचं. कडकपणा राहतो, माज उतरतो. हे टेंपर.

पोलादाला पाणी देतात म्हणून त्या पाणीवाल्या मावशी. नवखे लोक टँकरची चौकशी करायला येत. मावशी त्यांना पाणी पाजून परत पाठवीत.

विजेची कामं सोडून काका घरी बसले तेव्हा त्यांना बायकोचे डोळे आठवले. "अंधारात बसून डोळे फोडून घेतेस," म्हणत त्यांनी भट्टीवर झगझगीत दिवा बसवला. उभ्या संसारात नवऱ्याने भट्टीसाठी काही केल्याचा हा पहिलाच प्रसंग. मावशी हरखल्या, त्यांनी काकांचं तोंडभर कौतुक केलं.

मग एक दिवस जुना पाथरवट आला. पिशवीतल्या छिन्न्यांच्या धारा दातरल्या होत्या.

"मावशी, फुटायचं दगडाने. इथे छिन्नीच फुटतेय." मग आवाज उतरवून म्हणाला, "डोळ्यांना काही त्रास होतोय का हो?"

तो भांडला असता तर बरं झालं असतं. डोळा गेला की भट्टी गेली, हे मावशींना कुणी सांगायची गरज नव्हती.

"चूक माझी. उद्या ये," एवढंच त्या म्हणाल्या.

तो गेल्यावर त्यांनी एक छिन्नी पकडीत धरून घणाने तोडली. आतला दाणा साखरेसारखा जाड. म्हणजे पोलाद जास्त तापलं होतं. पण लाल रंग तर रोजचाच दिसला होता! त्यांनी वर दिव्याकडे पाहिलं. मावशींचे वडील आपल्या भट्टीजवळची खिडकी पोत्याने झाकत. ते उन्हासाठी, असं त्या आजवर समजत होत्या.

एक छिन्नी दिव्याखाली तापवली, एक दिवा घालवून. दोन्हींना पाणी दिलं, दोन्ही तोडल्या. तेवढ्यात काका आले.

"दिवा कुणी बंद केला?"

मुलगी दारातच थबकली. मावशींनी दोन्ही तुकडे त्यांच्या हातात ठेवले.

"हा जाड दाणा दिव्यातला, हा बारीक अंधारातला. एवढ्या उजेडात लाली फिकी दिसते हो. मी आपली तापवतच राहिले."

काकांनी तुकडे उलटसुलट करून पाहिले.

"मग माझं एवढं कौतुक कशाला केलंस?"

"दिवा चांगलाच आहे. जागा चुकली."

काकांनी स्टूल आणलं, दिवा उतरवला आणि धार लावायच्या चाकाच्या वर बसवला. शिव्या दिल्या त्या फक्त स्क्रूला.

दुसऱ्या दिवशी पाथरवटाने नव्याने पाणी दिलेली छिन्नी अंगणातल्या दगडावर चालवली. टवके उडाले. त्याने धारेवरून अंगठा फिरवला आणि उरलेल्या सगळ्या छिन्न्या मावशींपुढे ओतल्या.

"चूक तिची नव्हती. दिवा मी लावला होता," काका इतक्या हळू बोलले की पाथरवटाने विचारलं, "काय म्हणालात?"

दुसऱ्यांदा सांगताना मात्र ते ओरडले.