बिनडागाची गाडी

ओझरच्या विमान कारखान्यात मी सव्वीस वर्षं तपासनीस होतो. चुका शोधण्याची ती सवय हाडीमाशी खिळली. मंडईतली वांगी मी अजून उजेडात फिरवून बघतो. लग्नपत्रिका आली की आधी शुद्धलेखनाच्या चुका काढतो, मग लग्न कोणाचं ते वाचतो. बायको म्हणते, "मला बघायला आलात तेव्हा टॉर्च आणला नव्हता, हे माझं नशीब."

अशा माणसाला एका मोटारसायकलचं वेड लागलं. कंपनीने तिची स्पेशल एडिशन काढली होती. धुरकट हिरवा, जराही न चमकणारा मॅट रंग, टाकीवर पितळी पट्टी आणि पट्टीवर त्या गाडीचा एडिशनमधला क्रमांक. गाड्या मोजक्याच होत्या. शोरूममध्ये मी बुकिंगच्या अटी बारकाईने वाचत बसलो, तोवर नाशिकच्या वाट्याच्या सगळ्या संपल्या. सिग्नलला तशी गाडी शेजारी येऊन थांबली की पुढे कित्येक वर्षं सिग्नल सुटला तरी मी तिच्याकडेच बघत राहायचो. निवृत्त झाल्यावर ठरवलं, जुनी तर जुनी, पण तीच घ्यायची आणि अस्सलच घ्यायची. साध्या मॉडेलला हिरवा रंग फासून, वर पट्टी ठोकून 'स्पेशल' म्हणून गळ्यात मारणारे महाभाग बाजारात आहेत, हे मला माहीत होतं. पण मला कोण फसवणार?

पहिली गाडी मिळाली विंचूरला, एका कांदा व्यापाऱ्याकडे. भिंग, टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा घेऊन मी गेलो आणि कांद्याच्या ढिगाशेजारी आडवा होऊन तासभर गाडी तपासली. चासी नंबर, इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळत होते. पण टाकीवर एक लालसर डाग होता. भिंगातून पाहिलं तर ते स्वस्तिक निघालं.

"हे काय?" मी विचारलं.

"गाडी घरी आणली त्या दिवशी आईनं काढलं, साहेब. कुंकू कालवून. पुसाया गेलो तर अजून पसरलं. हा रंगच तसा हे, कुंकू पितो. लय घासलं, नाय गेलं."

"कंपनीचा रंग असा डाग धरत नाही," मी ठणकावलं. कशाच्या आधारावर, ते विचारू नका. विमानं तपासलेला माणूस दुचाकीच्या रंगावर बोलायला मोकळाच असतो.

"मग चासी नंबर शोरूमला दाखवा ना. एडिशनची हे का नाय, ते पाच मिनिटांत सांगतील."

शोरूमवाल्यांना विचारायचं? आणि ते मी? मला तो अपमान वाटला. "टाकी नंतर रंगवलेली आहे," असा शेरा मारून मी निघालो. त्याने दिलेला चहा मात्र पूर्ण प्यायलो.

दुसरी गाडी इंदिरानगरमध्ये होती. मालक सभ्य, गाडीवर मऊ कापडाचं कव्हर, सगळे कागद फायलीत क्रमाने लावलेले. मी आरसा घेऊन खाली वाकताच तो म्हणाला, "सर, इतका पारखी माणूस मी पहिल्यांदा पाहतोय." माझी तपासणी खरं तर तिथेच संपली. नंबर कागदांशी जुळले, पट्टी लखलखत होती आणि टाकीवर डागच काय, साधा ओरखडाही नव्हता. आठ वर्षं वापरलेल्या गाडीवर ओरखडा का नाही, हा प्रश्न सव्वीस वर्षांच्या अनुभवाला पडला नाही. मी गाडी घेतली.

दसऱ्याला खाली पार्किंगमध्ये तिची पूजा. मी झेंडूचा हार आणायला वर गेलो आणि येऊन बघतो तर बायकोने टाकीवर कालवलेल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलेलं. "अगं, मॅट रंग आहे! डाग पडेल!" मी किंचाळलोच.

"सणाच्या दिवशी ओरडताय काय?" तिने ओलं फडकं फिरवलं. "हे बघा, गेलं."

खरंच गेलं होतं. तिचा चेहरा खुलला आणि मला विंचूरच्या व्यापाऱ्याचे शब्द आठवले. हा रंगच तसा हे, कुंकू पितो.

मी ताटातली कुंकवाची वाटी उचलली आणि त्याच जागी स्वतः स्वस्तिक काढलं. "पूजा दोनदा करतात का?" ती म्हणाली. वर जाऊन श्रीखंड-पुरी खायला बसलो. जेवण होईपर्यंत तरी डाग पडू दे, एवढंच मागणं देवाकडे मागत होतो. मग खाली जाऊन फडकं फिरवलं. टाकी स्वच्छ. पार्किंगमध्ये त्या गाडीला टेकून उभा राहिलो तेव्हा मला अक्षरशः रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी शोरूमला नंबर दाखवला. पाच मिनिटंही लागली नाहीत. साधं मॉडेल, मूळ रंग काळा.

बाहेर येऊन मी विंचूरला फोन लावला. "ती गाडी आहे का अजून?"

"नाय ना साहेब. तुमच्या मागं एक जण आला. डाग बघितला अन् म्हणला, हीच पाहिजे." मग त्याने मनापासून विचारलं, "तुम्हाला भेटली का, बिनडागाची?"

"हो," मी म्हणालो, "भेटली."